कुर्लीचे दहा पाय

नाटे गावात एस.टी.ची वाट बघत होतो. एक आजी नातीला घेऊन शेजारी येऊन बसली. शाळेत जाते का, असं विचारलं तर म्हणाली, "शाळा खंयची? अंगणवाडीत जाता. खाव खाता नि घरी येता."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. गावाला जे दिसतं तेच ती सांगत होती. मला मात्र ते वाक्य लागलं. दुसऱ्या दिवशी त्याच अंगणवाडीच्या पडवीत जाऊन बसलो आणि पुढे आठवडाभर जात राहिलो.

जांभ्या दगडाची एक खोली, पुढे पडवी. शेजारच्या अंगणात सुकट वाळत घातलेली, आत मदतनीस काकींची मुगाची खिचडी शिजत असलेली. खाडीवरून वारा आला की दोन्ही वास एक होत. तो मिसळलेला वास आजही आठवतो आणि त्याच्यासोबत दर वेळी एक मुलगाही आठवतो.

दिवसाचा क्रम ठरलेला: प्रार्थना, हजेरी, गाणी, हात धुणं, खिचडी. ठरल्या दिवशी वजन आणि दंडघेर. अंगणवाडीच्या बाई हे सगळं मोबाइलवर भरतात, वहीतही लिहितात. वीसेक वर्षं त्या हेच काम करतायत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक आकडा सांगितला. "प्रशिक्षणात सांगतात, सहा वर्षांच्या आत मेंदूची 85 टक्के वाढ झालेली असते. मग पोरं आमच्याकडे असतात तेव्हाच ती होते ना?" 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही हाच आकडा आहे. बाईंनी तो आठवड्यात चारदा तरी सांगितला, आणि दर वेळी समोरच्या मुलांकडे बघत सांगितला.

त्या आठवड्यात अंगणवाडीत आणखी एक जण शिकत होती. शिक्षिका होण्यासाठी डी.एल.एड. करणारी गावातलीच मुलगी, सुटीत घरी आलेली. बाईंना मदत करायची, टिपणं काढायची. भिंतीवरचा प्राण्यांचा तक्ता तिनेच नव्याने चिकटवला होता.

तो मुलगा चार वर्षांचा. बाप होडीवर खलाशी. अंगणवाडीत यायला लागून दोन महिने झाले तरी त्याने तोंड उघडलं नव्हतं. बोट तोंडात घालून भिंतीला टेकून बसायचा. एक दिवस तो तक्त्यापाशी गेला, एका चित्रावर बोट ठेवलं आणि मोठ्याने म्हणाला, "कुर्ली!"

टिपणं काढणारी मुलगी आनंदाने धावली. "कुर्ली नाही राजा, खेकडा. म्हण, खे-क-डा."

बोट परत तोंडात गेलं. तो भिंतीपाशी जाऊन बसला.

बाईंनी हे बघितलं होतं. सगळ्यांदेखत त्या मुलीला काही बोलल्या नाहीत. मुलं घरी गेल्यावर एवढंच म्हणाल्या, "त्याच्याकडे एकच शब्द होता गो बाय. तो त्याने आपल्याला दिला. आपण घेतला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई घमेल्यात एक जिवंत कुर्ली घेऊन आल्या. डेंगे सुतळीने बांधलेले. घमेलं त्याच्यासमोर ठेवून त्या खाली बसल्या. "माका सांग, कुर्लीक पाय किती?"

बराच वेळ तो नुसता बघत राहिला. मग मोजायला लागला. दोन डेंगे, मग एक, दोन, तीन… आठ. आठपाशी न थांबता तो बोलत सुटला. बाबा तिला मागून कसा धरतो, डेंगा बोटाला लागला की काय होतं, आई तिचं सार कसं करते. खिचडी निवत चालली होती, पण काकींनी हाक मारली नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "पुस्तकात हिला खेकडा म्हणतात हां." "खेकडा," तो म्हणाला. आपणहून.

मुलगी वही उघडून बसली होती. तिने काहीच लिहिलं नाही.

दुपारी आई न्यायला आली तेव्हा बाईंनी तिला घडलेलं सांगितलं. ती चकित झाली. "घरी तर ह्येचा तोंड मिटत नाय!"

मूल मुकं नव्हतंच. त्याची भाषा उंबऱ्याबाहेर राहिली होती. मूल, त्याचं घर आणि शिकणारी शिक्षिका एका जागी आली तेव्हा हे कळलं. 1896 साली शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी शिकागो विद्यापीठात प्रयोगाची शाळा काढली होती ती अशाच कामासाठी. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची चेतन बालवाडीही त्याच वाटेवरची: मुलं शिकतात, आणि त्यांच्याकडून विद्यार्थी शिकतात. पण आपल्याला इतकं लांब जायला नको. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र उभं केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, पानं, बिया घेतल्या. नाटे गावातलं ते घमेलं त्याच परंपरेतलं.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. पोषणाचं काम मोठंच आहे, त्याला कमी लेखणारा मी कोण! पण वजन नोंदवायला रकाना आहे, कुर्लीसाठी नाही. मेंदूची 85 टक्के वाढ ज्या वयात होते असं आपण म्हणतो, त्या वयाच्या मुलांना सांभाळणाऱ्या बाईला आपण सेविका म्हणतो आणि पगाराऐवजी मानधन देतो. हा अन्याय आहे. ती शिक्षिका आहे.

अध्यापक विद्यालयांनी आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला महिनाभर अंगणवाडीत बसवावं. शिकवायला नको, नुसतं बघायला आणि ऐकायला. आणि तुमच्या घरचं मूल अंगणवाडीतून आलं, की खाऊ काय होता हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, आज बाईंना तू काय सांगितलंस?