देवाचे देणे आणि माणसांचे वाटप

शालान्त परीक्षेचे निकाल लागले की वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत गुणवंतांच्या छायाचित्रांची रीघ लागते. आम्ही ती छापतो आणि कौतुकाने छापतो. परंतु ज्यांचे छायाचित्र कोठेच यावयाचे नाही अशा मुलांच्या घरी त्याच दिवसांत निराळाच प्रकार चाललेला असतो. शेजारच्याला जे दिले ते आमच्या पोराला का दिले नाही, हा प्रश्न आई देवापुढे करते आणि वडील मुलापुढे करतात. ज्याला उत्तर ठाऊक असण्याचे काहीच कारण नाही तो मुलगा बिचारा मान खाली घालून बसतो.

प्रश्न अर्थात गुणपत्रिकेपुरता नाही. एकाला गळा, एकाला बुद्धी, एकाला वडिलार्जित कुळागर आणि एकाला नुसतेच कष्ट, असे का, हे कोडे माणसाला फार पूर्वीपासून पडलेले आहे. श्रद्धेने त्याला दिलेले उत्तरही तितकेच जुने आहे. देणारा शहाणा आहे, त्याने विचार करूनच दिले आहे, हे ते उत्तर. आमच्या संतांनी ते परोपरीने सांगितले. आमच्या ख्रिस्ती बांधवांच्या धर्मग्रंथात संत पॉल यांनीही करिंथच्या मंडळीला लिहिताना शरीराच्या अवयवांचा दृष्टान्त देऊन हाच विचार मांडला. हे उत्तर आम्हीही मानतो. त्यासाठी शास्त्रार्थाची गरज नाही. गोमंतकाच्या संगीताचा इतिहास पुरेसा आहे.

फोंडे तालुक्यातील केरी गावी 1892 साली केसरबाई जन्मल्या. सांगे तालुक्यातील कुर्डी गावी 1904 साली मोगूबाई. दोघींनी तालीम घेतली ती उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांची. गुरू एक, घराणे एक, राग तेच. आणि तरीही एकीचे गाणे दुसरीचे वाटावे असे कधी झाले नाही. केसरबाईंना लाभला तो भरदार, मंद्रापासून तारापर्यंत एकाच वजनाने फिरणारा आवाज. मोगूबाईंना तसा आवाज नव्हता. त्यांना मिळाले लयीचे अपूर्व भान आणि बंदिशीचा भरणा करण्याची दृष्टी. त्यांनी उसन्या आवाजाच्या मागे लागून आयुष्य दवडले असते तर आपण मोगूबाईंना मुकलो असतो, आणि दुसऱ्या केसरबाईही आपल्याला मिळाल्या नसत्या. शिवाय शिकविण्याची एक हातोटी त्यांच्यापाशी होती. किशोरीताई आमोणकर हे तिचेच फळ. सरकारने दोघींनाही पद्मभूषण दिले, केसरबाईंना 1969 साली व मोगूबाईंना 1974 साली. थोर कोण, हा वाद रसिक आजही घालतात, घालोत बापडे.

दिलेल्या देणगीचे पुढे काय व्हावयाचे आहे, हे घेणाऱ्यालाही कळत नाही. अमेरिकेने 1977 साली व्हॉयेजर याने अंतराळात सोडली, त्यांतील ध्वनिमुद्रिकेत पृथ्वीवरील निवडक संगीतात केसरबाईंची भैरवी आहे. 5 सप्टेंबरला पहिले व्हॉयेजर उडाले. 16 सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. 2012 साली ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. केरीच्या एका घरात मुलगी जन्मली तेव्हा असे भविष्य कोणत्या जोशाने वर्तविले असते?

येथवर आम्ही श्रद्धावानांच्या पंक्तीला आहोत. पुढे मात्र पंक्ती सोडावी लागते. केसरबाई काय, मोगूबाई काय, दोघीही कलावंत समाजातल्या. गळा देवाने दिला, हे खरे. परंतु त्या समाजातील मुलीने संसार मांडावयाचा नाही, शेंसविधीने देवळाशी बांधले जावयाचे आणि यजमानाच्या मर्जीवर राहावयाचे, ही व्यवस्था कोणी दिली? ती महाजनांनी, जमीनदारांनी आणि त्यांच्या सोयीने ठरविली. तिच्यावर शिक्का मात्र देवाच्या इच्छेचा मारला. राजाराम पैंगीणकर आणि त्यांच्यासारख्या सुधारकांनी नेमके हेच ओळखले. त्यांनी देणगी नाकारली नाही, परिस्थिती नाकारली. ‘मी कोण?’ असे नाव पैंगीणकरांनी आपल्या आत्मचरित्राला दिले, ते उगाच नव्हे. याच समाजातील दयानंद बांदोडकर 1963 साली गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्याही गुणाचे बीज देवानेच पेरले असेल. पण जुन्या व्यवस्थेने ते उगवू दिले नसते.

म्हणून गुणांचे वैविध्य आणि परिस्थितीचे वैषम्य एकाच तागडीत टाकण्यास आमचा सक्त विरोध आहे. ज्या मुलाला गणित येत नाही पण इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगता येतो, त्याच्या बापाने देवाच्या शहाणपणावर थोडा अधिक विश्वास टाकावा. परंतु एकशिक्षकी शाळेत चार इयत्तांसह एकाच खोलीत बसून जो शिकला, त्याचे गणित कच्चे राहिले तर ते ब्रह्मलिखित नव्हे. त्याचा जाब देव्हाऱ्यापुढे नव्हे, शिक्षण खात्यापुढे मागावयाचा असतो. ‘असेल माझा हरी’ म्हणत स्वस्थ बसणारा आळशी आपण ओळखतो; दुसऱ्याच्या दैन्याकडे बोट दाखवून तेच म्हणणारा धूर्त मात्र सभ्य म्हणून खपतो.

मोगूबाईंचे कुर्डी गाव आज साळावलीच्या जलाशयाखाली आहे. धरणाचे पाणी दक्षिण गोव्याच्या घराघरांत पोहोचले; कुर्डीच्या लोकांना वालकिणी आणि वाडे येथे नव्याने घरे थाटावी लागली. ही ईश्वरी योजना नव्हती, सरकारी योजना होती. तिच्यात लाभ एकाच्या वाट्याला गेला व त्याग दुसऱ्याच्या. उन्हाळ्यात पाणी ओसरले की सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते आणि जुने गावकरी तेथे उत्सवाला जमतात. कुठे कोणाचे घर होते, कुठे विहीर होती, हे मुलांना दाखवितात. गाव का बुडाले असे त्या मुलांनी विचारलेच, तर उत्तरादाखल कोणी देवळाकडे बोट दाखवीत नाही.