नावांची भिंत

फ्रान्स देशाच्या उत्तरेला नव्ह शापेल नावाचे एक लहान गाव आहे. तिथे एक गोल दगडी आवार दिसते. आत पन्नास फूट उंच खांब आहे. खांबाच्या माथ्यावर कमळ, त्यावर राजमुकुट. पायथ्याशी दोन बाजूंना दोन दगडी वाघ. शिवाय आपल्याकडे असतात तशा घुमटाच्या छत्र्या. गोऱ्यांच्या मुलखात हे आपल्याकडचं काम कसं?

पहिले महायुद्ध 1914 साली सुरू झाले. तेव्हा आपल्यावर इंग्रजांचे राज्य. त्यांनी हिंदी फौज बोटीने फ्रान्सला नेली. थंडीचे दिवस, अंगावर सुती कपडे, आणि राहायचं कुठं, तर चिखलाच्या खंदकात! पुण्याजवळच्या खडकीचे सॅपर्सही तिथे होते. खंदक खणणे, पूल बांधणे हे त्यांचे काम. 28 ऑक्टोबर 1914 रोजी शीख पलटणीबरोबर त्यांनी याच गावावर हल्ला केला. त्यांचे फार लोक पडले. पुढे 1915 च्या मार्चात इथेच मोठी लढाई झाली.

तोफगोळ्यांनी जमीन उलथीपालथी होई. पुष्कळांचे देह सापडलेच नाहीत. ना दहन, ना दफन. मग घरच्यांनी कुठं जाऊन डोकं टेकावं? अशांसाठी 1927 साली हे स्मारक झाले. आराखडा हर्बर्ट बेकर यांचा. खांब त्यांना सम्राट अशोकाच्या स्तंभांवरून सुचला. आवाराची एक बाजू दगडी जाळीची आहे. दुसरी बाजू भरीव भिंतीची. तिच्यावर 4,700 हून अधिक नावे कोरली आहेत. वाघ जणू त्यांची राखण करतात. जर्मनीत पुरलेल्या आणखी 210 जणांची नावे 1964 साली एका धातूच्या पाटीवर लावली.

पण सगळीकडे असे झाले नाही. इराकात मराठा पलटणी लढल्या होत्या. तिथे बसऱ्याजवळ 1929 साली स्मारक उभे राहिले. इंग्रज शिपायांची नावे त्यावर कोरली. हिंदी फौजेतल्या सुभेदार-जमादारांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचे काय? पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा! आम्हांला विचाराल तर हा उघड अन्याय होता. आईनं ठेवलेलं नाव आकड्यात कसं मावेल? ही स्मारके सांभाळणाऱ्या आयोगाने 2021 साली याबद्दल माफी मागितली. तोवर 92 वर्षे लोटली होती.