होप स्ट्रीटचं दुसरं टोक

लिव्हरपूलला जाणारा मराठी माणूस सहसा दोन गोष्टींसाठी जातो. एक बीटल्स आणि दुसरी फुटबॉल. फारच हौशी असेल तर मर्सी नदीच्या काठच्या जुन्या गोद्या पाहतो. एके काळी आपल्या वऱ्हाड-खानदेशातला कापूस मुंबईहून निघून याच बंदरात उतरत असे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं होतं, तेव्हा लिव्हरपूलच्या बाजारातल्या भावावर मुंबईत माणसं श्रीमंत झाली आणि युद्ध संपताच बुडाली, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. मला आज सांगायचं आहे ते मात्र या शहरातल्या एका तिसऱ्या गोष्टीविषयी.

लाइम स्ट्रीट स्टेशनातून बाहेर पडून माउंट प्लेझंट नावाचा चढाचा रस्ता धरला की दहा-पंधरा मिनिटांत एक विचित्र इमारत समोर येते. चर्च म्हणून आपण जे डोळ्यांसमोर आणतो त्यातलं तिथे काहीच नाही. टोकदार मनोरे नाहीत, लांबलचक दालन नाही. चहूबाजूंनी तिरके काँक्रीटचे टेकू लावलेला एक प्रचंड गोल तंबू आणि त्याच्या डोक्यावर काटेरी मुकुट. हे लिव्हरपूलचं कॅथलिक कॅथेड्रल. गावातले लोक त्याला गमतीनं ‘पॅडीज विगवाम’ म्हणतात. पॅडी म्हणजे आयरिश माणूस, हे थोडं हिणवणारं नाव. विगवाम म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची झोपडी. आयरिश लोकांचा तंबू!

कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च असा आपला समज असतो. तो तितकासा बरोबर नाही. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं ते कॅथेड्रल, मग ते आकारानं लहान का असेना. आणि एका शहरात दोन पंथांचे दोन बिशप असतील तर कॅथेड्रलंही दोन असतात. आपल्या मुंबईतच पाहा ना. फोर्टातलं सेंट थॉमस वेगळं आणि कुलाब्याचं होली नेम वेगळं. लिव्हरपूलमध्येही तसंच आहे. होप स्ट्रीट नावाचा साधारण अर्ध्या मैलाचा रस्ता आहे. त्याच्या एका टोकाला चर्च ऑफ इंग्लंडचं अवाढव्य, लाल वालुकाश्माचं कॅथेड्रल, तर दुसऱ्या टोकाला हा तंबू. पहिलं पाहून आपण दबून जातो. दुसरं पाहून मला आधी हसू आलं. हा आकार कसा आला हे कळल्यावर मात्र मी त्या इमारतीकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागले.

त्यासाठी १८४७ सालात जावं लागतं. आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडलं, दुष्काळ पडला. त्या एका वर्षात सुमारे तीन लाख आयरिश माणसं लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरली. काही पुढे अमेरिकेला गेली. ज्यांच्याकडे जहाजाच्या भाड्यालाही पैसे नव्हते ती इथेच तळघरांत आणि गल्ल्यांत राहिली. पाठोपाठ टायफसची साथ आली. आजाऱ्यांची सेवा करताना त्या वर्षी शहरातले दहा कॅथलिक धर्मगुरू दगावले. सुदैवी म्हणावं असं या लोकांजवळ काही नव्हतं. त्यातून ते परधर्मीयांहूनही वाईट, म्हणजे ‘पोपचे लोक’. इंग्लंडमध्ये कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसण्याचा हक्कच मुळी १८२९ मध्ये मिळाला होता.

अशा समाजानं १८५३ मध्ये कॅथेड्रल बांधायचं ठरवलं. एडवर्ड वेल्बी प्युजिन या तरुण वास्तुकारानं आराखडा केला. एव्हर्टन भागात मेरीमातेच्या नावाचं एक छोटं उपासनागृह तेवढं उभं राहिलं आणि पैसा दुसरीकडे वळला. कुठे? गरिबांच्या मुलांच्या शाळांकडे आणि अनाथालयांकडे. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. सत्तर-पंचाहत्तर वर्षं या शहरातल्या कॅथलिकांनी कॅथेड्रलविना काढली.

१९३० मध्ये मात्र त्यांनी मोठीच उडी घेतली. माउंट प्लेझंटजवळच ब्राउनलो हिल इथे एक ‘वर्कहाउस’ होतं. वर्कहाउस म्हणजे ज्यांना कुठेच आसरा नाही अशांना पोटापुरतं अन्न देऊन राबवून घेणारी सरकारी कोठी. हे इंग्लंडमधल्या सर्वांत मोठ्या वर्कहाउसपैकी एक होतं. दुष्काळातून आलेली असंख्य आयरिश कुटुंबं इथेच येऊन पडली होती. ते बंद पडलं तेव्हा आर्चबिशप डाउनी यांनी ती नऊ एकर जागा एक लाख पौंडांना विकत घेतली. जिथे आजोबा-पणजोबा भुकेनं आणि तापानं मेले, तिथेच आता नातवंडांचं कॅथेड्रल होणार होतं.

आणि ते बांधायला माणूस कोण बोलावला? सर एडविन ल्युटेन्स. नवी दिल्ली वसवणारे, राष्ट्रपती भवनाचे ल्युटेन्स! ते स्वतः कॅथलिक नव्हते. दिल्लीचं काम आटोपून ते लिव्हरपूलकडे वळले आणि त्यांनी जे रेखाटलं ते पाहून आजही छाती दडपते. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्सहून रुंद, आपल्या विजापूरच्या गोलघुमटालाही मागे टाकणारा, १६८ फूट व्यासाचा घुमट. उंची पाचशे फुटांच्या वर. त्याची लाकडी प्रतिकृती शहराच्या संग्रहालयात जपलेली आहे. ती प्रतिकृतीच माणसाहून कितीतरी उंच आहे. ५ जून १९३३ रोजी पायाभरणी झाली. पैसा यायचा तो गोदी कामगारांच्या, मोलकरणींच्या पेनी-पेनीतून. तीस लाख पौंडांचा अंदाज होता. मग महायुद्ध आलं. १९४१ मध्ये काम थांबलं आणि १९४४ च्या पहिल्याच दिवशी ल्युटेन्स वारले. युद्धानंतर पुन्हा हिशेब मांडला तेव्हा आकडा दोन कोटी सत्तर लाखांवर गेला होता. फक्त तळघर पुरं झालं, तेही १९५८ मध्ये.

हे तळघर आजही आहे आणि ते चुकवू नये. वर काँक्रीटचा तंबू आणि खाली उतरलं की एकदम ल्युटेन्सची दुनिया. विटांच्या रुंद कमानी, करड्या ग्रॅनाइटचे जाडजूड खांब, दिल्लीच्या राष्ट्रपती भवनात जाणवतो तोच दरारा. एका दालनाचं दार म्हणजे संगमरवराची एक मोठी गोल तबकडी आहे, जात्याच्या पाळूसारखी घरंगळत सरकणारी. येशूच्या कबरीवरचा दगड बाजूला सरकला होता, त्या कथेची ही आठवण. आत आर्चबिशपांच्या समाध्या आहेत. मी त्या कमानींखाली उभी राहिले तेव्हा मनात एकच विचार आला. हा फक्त पाया आहे. वरची इमारत झाली असती तर तिच्यापुढे ते गोदी कामगार केवढेसे दिसले असते!

ल्युटेन्सचा आराखडा छोटा करून पाहिला गेला, तोही बारगळला. शेवटी आर्चबिशप हीनन यांनी १९५९-६० मध्ये जगभरातल्या वास्तुकारांसाठी स्पर्धा ठेवली. त्यांच्या अटी मला फार आवडतात. इमारतीच्या सांगाड्याचा खर्च दहा लाख पौंडांच्या आसपास राहावा. ती लवकर पुरी व्हावी. आणि बसलेल्या प्रत्येकाला वेदीवरची उपासना दिसावी. तीनशेच्या जवळपास आराखडे आले. निवड झाली फ्रेडरिक गिबर्ड यांची. लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या इमारती बांधणारे हे गृहस्थ. तेही कॅथलिक नव्हते. पुढे लंडनमधल्या रीजंट्स पार्कची मशीद बांधली तीही यांनीच.

प्रत्येकाला दिसावं, या एका अटीतून गोल आकार आला. जुन्या कॅथेड्रलमध्ये वेदी दूर पूर्वेच्या टोकाला असते. मागच्या बाकावरच्या माणसाला धर्मगुरूची पाठ दिसली तरी नशीब. गिबर्डनी वेदी मधोमध ठेवली आणि बाकं तिच्याभोवती मांडली. आपल्याकडे कीर्तनाला बुवांच्या भोवती लोक कोंडाळं करून बसतात, काहीसं तसं. इमारतीचा व्यास ५९ मीटर. म्हणजे दोन हजारांहून जास्त माणसं बसली तरी वेदीपासून तीस मीटरपलीकडे कुणीच नाही. विशेष म्हणजे हा आराखडा निवडला गेला १९६० मध्ये. लोकांना उपासनेत अधिक सामील करून घ्यावं, असं सांगणारी दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ मध्ये सुरू झाली. इमारत परिषदेच्या एक पाऊल पुढेच होती.

ऑक्टोबर १९६२ मध्ये काम सुरू झालं आणि १४ मे १९६७ रोजी कॅथेड्रल खुलं झालं. पाच वर्षांपेक्षाही कमी वेळ! होप स्ट्रीटच्या दुसऱ्या टोकाच्या कॅथेड्रलला १९०४ ते १९७८ अशी चौऱ्याहत्तर वर्षं लागली.

आत शिरताना पहिला क्षण अंधाराचा असतो. बाहेरच्या उजेडातून आल्यावर काही दिसत नाही. मग हळूहळू निळा रंग जाणवू लागतो. भिंतींच्या सांध्यांतून निळ्या काचेचे पट्टे आहेत, त्यातून झिरपणारा. खोल पाण्याखाली असल्यासारखं वाटतं. मग मान आपोआप वर जाते. सोळा वाकलेल्या काँक्रीटच्या बरगड्या वर जाऊन एकत्र येतात आणि त्यांच्यावर रंगीत काचांचा मनोरा, अगदी कंदिलासारखा. जॉन पायपर आणि पॅट्रिक रेंटियन्स यांचं हे काम. पिवळा, निळा आणि लाल असे तीन रंगांचे झोत एकमेकांत मिसळत जातात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे ख्रिस्ती त्रैक्य त्यातून सुचवलेलं आहे. खाली मधोमध पांढऱ्या संगमरवराची वेदी. मॅसिडोनियातल्या स्कोपिएहून आणलेला एकसंध, एकोणीस टनांचा दगड. त्यावर एलिझाबेथ फ्रिंक या शिल्पकर्तीनं केलेला छोटासा क्रूस. मी तासभर बसले होते. तेवढ्या वेळात फरशीवरचा रंगीत उजेड सरकत चार-पाच बाकं ओलांडून गेला. जायचं तर लख्ख उन्हाच्या दिवशी जा, एवढंच सांगेन. इंग्लंडात ते आपल्या हातात नाही, ही गोष्ट वेगळी.

आता या घाईची आणि काटकसरीची किंमत. छत गळू लागलं, तेही लवकरच. बरगड्यांवर चिकटवलेल्या बारीक फरशा निखळू लागल्या. नव्या पद्धती, नवं साहित्य, कोणी आधी वापरून पाहिलेलं नाही. १९८० च्या दशकात चर्चनं वास्तुकार आणि इंजिनिअरांवर तेरा लाख पौंडांचा दावा लावला आणि प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. पुढे छताचे पत्रे बदलले, फरशा काढून टाकल्या. ज्या शहरात पाऊस पाहुण्यासारखा न येता घरच्यासारखा राहतो, तिथे सपाट जोड आणि नवखा गोंद वापरणं धाडसाचंच होतं. ल्युटेन्सची इमारत बहुधा गळली नसती. पण ती झालीच नसती. आणि पोटाला चिमटा घेऊन देणाऱ्या आणखी दोन पिढ्यांना ती पाहायलाही मिळाली नसती. मला विचाराल तर गळणारं छत परवडलं.

ही इमारत खऱ्या अर्थानं शहराची झाली ती १५ एप्रिल १९८९ नंतर. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचा फुटबॉल सामना पाहायला गेलेले प्रेक्षक चेंगरले. या दुर्घटनेतल्या बळींची संख्या आज ९७ मानली जाते. दुसऱ्याच दिवशी, रविवारी संध्याकाळी, या कॅथेड्रलमध्ये मृतांसाठी मिस्सा झाली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. हजारो लोक बाहेर उभे होते. त्या दिवशी कॅथलिक कोण आणि प्रोटेस्टंट कोण, हे कुणी विचारलं नाही.

हे वाक्य लिव्हरपूलमध्ये सहज म्हणता येत नाही. या शहरात दोन्ही पंथांच्या मिरवणुकींवरून डोकी फुटलेली आहेत. मार्च १९८२ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडचे प्रमुख धर्मगुरू रॉबर्ट रन्सी इथल्या एका चर्चमध्ये बोलायला उभे राहिले, तेव्हा पोपच्या आगामी भेटीला विरोध करणाऱ्यांनी त्यांना बोलू दिलं नाही. तरीही ३० मे रोजी पोप जॉन पॉल दुसरे आले. आधी चर्च ऑफ इंग्लंडच्या कॅथेड्रलमध्ये गेले आणि मग होप स्ट्रीटवरून या कॅथेड्रलमध्ये.

यामागे दोन माणसं होती. कॅथलिक आर्चबिशप डेरेक वॉरलॉक आणि चर्च ऑफ इंग्लंडचे बिशप डेव्हिड शेपर्ड. आपल्या जुन्या क्रिकेटवेड्या वाचकांनी हे दुसरं नाव ओळखलं असेल. हो, तेच शेपर्ड. १९५२ मध्ये ओव्हलवर आपल्याविरुद्ध ११९ धावा काढणारे, इंग्लंडचं नेतृत्व केलेले, धर्मगुरू झाल्यावरही कसोटी खेळलेले आणि वर्णभेदाच्या निषेधार्थ १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळायला नकार देणारे. बेकारी आणि दंगलींनी शहर पोळलं त्या काळात हे दोघं जोडीनं फिरले, जोडीनं बोलले.

गंमत अशी, की चर्च ऑफ इंग्लंडच्या त्या लाल कॅथेड्रलचे वास्तुकार जाइल्स गिल्बर्ट स्कॉट हे कॅथलिक होते. इंग्लंडमधली ती लाल टेलिफोन पेटी त्यांचीच. म्हणजे प्रत्येकाचं देऊळ दुसऱ्या घरच्या माणसानं बांधलेलं.

होप स्ट्रीटवर २००८ मध्ये या दोन बिशपांचं स्मारक बसवलं गेलं. दोन उंच ब्राँझचे दरवाजे, त्यांवर दोघांच्या आकृती आणि मधून जायला वाट. पेंटेकॉस्टच्या रविवारी दोन्हीकडचे लोक एका कॅथेड्रलपासून दुसऱ्यापर्यंत मिळून चालत जातात, तेव्हा त्याच रस्त्यानं जातात.