स्प्रेडशीटची तोंडओळख

शाळा म्हणा, दुकान म्हणा, मंडळाचा जमाखर्च म्हणा, जिकडे तिकडे आता स्प्रेडशीट आली आहे. तरुण मंडळी ती सहज चालवतात. पण आपल्या बेटावरचे कित्येक वडीलधारे तिच्याकडे नुसते पाहूनच माघार घेतात. वास्तविक ती आपल्याला अनोळखी नाही. पूर्वी लाबुटिकमध्ये चिनी दुकानदार उधारीची कार्ने ठेवीत असे, तशीच ही आखलेली वही. फरक एवढाच की या वहीला बेरीज करता येते.

उभ्या रकान्याला कॉलम म्हणतात आणि त्याला अक्षराचे नाव असते: ए, बी, सी. आडव्या ओळीला रो म्हणतात, तिला क्रमांक असतो. दोन्ही जिथे मिळतात ते घर म्हणजे सेल. बी कॉलमची दुसरी ओळ म्हणजे बी२, हा त्या घराचा पत्ता. पत्ता कळला की निम्मे काम झाले.

घरात आपण शब्द लिहितो, आकडा लिहितो किंवा फॉर्म्युला लिहितो. फॉर्म्युला बरोबरच्या चिन्हाने सुरू होतो. =सम(बी२:बी३१) म्हणजे बी२ पासून बी३१ पर्यंतची बेरीज. (कळफलकावर हे अर्थात रोमन अक्षरांत टाइप करायचे.) घरात दिसते उत्तर, पण आत बसलेली असते कृती. म्हणून वरचा एक आकडा बदलला की बेरीज आपोआप बदलते. हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिक्लिन यांना १९७८ साली हेच हवे होते: फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा चुकला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागे. बॉब फ्रँकस्टन यांच्यासह त्यांनी केलेला व्हिसिकॅल्क १९७९ साली ॲपल दोन या संगणकावर आला. जो हिशेब तोंडी करून नुसते उत्तर घरात लिहितो, त्याने संगणकाची पाटी केली असे समजावे.

'पासून-पर्यंत' या भागाला रेंज म्हणतात. तिच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहावे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांच्या २०१० सालच्या सरकारी कर्जाविषयीच्या लेखात सरासरीची रेंज ४९ व्या ओळीऐवजी ४४ व्या ओळीलाच थांबली होती आणि पाच देश बाहेर राहिले होते. लेखावर इतरही आक्षेप होते, पण ही चूक २०१३ साली थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने शोधून काढली.

आम्हा शिक्षकांना सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र निराळी आहे: रिकामे घर आणि शून्य एक नव्हेत. समजा, एका मुलीला दोन परीक्षांत ६० आणि ७० गुण मिळाले, तिसरीच्या वेळी ती तापाने घरी होती. तिसरे घर रिकामे ठेवले तर सरासरी ६५ येते, कारण ॲव्हरेज हा फॉर्म्युला रिकामे घर मोजतच नाही. तिथे ० लिहिले तर तीच सरासरी ४३.३३ होते. मुलगी तीच, वही तीच. गैरहजेरीला शून्य द्यायचे की नाही, हे शाळेने ठरवायचे. संगणकावर सोडायचे नाही. माझ्या मते आजाऱ्याला शून्य देणे अन्यायाचे आहे, मग प्रगतिपुस्तक कितीही सुबक छापलेले असो.

आपल्याकडे आणखी एक गंमत होते. आपण इंग्रजीत शिकतो आणि वर्तमानपत्र फ्रेंच वाचतो, त्यामुळे एका घरातला संगणक इंग्रजी असतो तर शेजारचा फ्रेंच. फ्रेंच एक्सेलमध्ये सम होतो सोम आणि ॲव्हरेज होतो मॉयेन. फाइल उघडताना ही नावे आपोआप बदलतात, त्याची काळजी नाही. काळजी आहे ती दशांश चिन्हाची. फ्रेंच मांडणीला स्वल्पविराम हवा असतो; तिथे ६२.५ असे टिंब देऊन लिहिले तर संगणक त्याला आकडा न समजता शब्द समजतो आणि बेरजेतून गुपचूप वगळतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. आपण काही फेरफार केला नसेल तर आकडे घराच्या उजव्या कडेला चिकटतात आणि शब्द डाव्या कडेला. गुणांच्या रकान्यात एखादा आकडा डावीकडे उभा दिसला, तर प्रगतिपुस्तक छापण्याआधी तो पुन्हा टाइप करावा.