वल्हे हवे आपल्या मापाचे

स्वयंपाकघरातला ओटा कोणाच्या उंचीला धरून बांधतात, याचा कधी विचार केलाय? बहुधा गवंड्याच्या! मग त्या ओट्यावर कणीक मळताना आपले खांदे कानांशी जातात, पाठ भरून येते आणि दोष मात्र आपण वयाला देतो. “चाळिशी उलटली ना, आता दुखायचंच!” असे म्हणून मोकळ्या होतो. ओट्याला कोणी काही म्हणत नाही.

हीच गोष्ट आता पाण्यावरही होऊ लागली आहे. निगडी-प्राधिकरण, चिंचवड-आकुर्डी, चाकणच्या नव्या वसाहती इथली कितीतरी कुटुंबे शनिवार-रविवारी पवना धरणाच्या काठी तंबूत राहायला जातात. मे महिन्यात तारकर्ली नाही तर गोवा ठरलेला. तिथे लांब, रुंद फळीवर उभे राहून, उंच वल्ह्याने पाणी कापत जायचा खेळ असतो. त्याला स्टँडअप पॅडलबोर्ड म्हणतात. मुले आधी जातात, मग यजमान, आणि शेवटी आग्रहाखातर आपण! हाती येते ते यजमानांनी नुकतेच खाली ठेवलेले वल्हे. अर्ध्या तासात खांदा बोलू लागतो आणि आपण ठरवून टाकतो, “हे काही आपल्याला जमायचं नाही.”

मैत्रिणींनो, असे ठरवण्याआधी ते वल्हे एकदा मोजून पाहा. पुष्कळदा आपण चुकलेल्या नसतो, वल्हे चुकलेले असते.

खेळ तसा जुनाच

हवाई बेटांवर वायकिकीच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्याला, लाटांवर स्वार व्हायला शिकवणारे तरुण फळीवर उभे राहून वल्हे मारीत. २००० सालाच्या सुमारास लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा यांनी ही रीत पुन्हा वर आणली आणि ती जगभर पसरली. आपल्याकडे मंगळूरजवळच्या मुलकीची तन्वी जगदीश २०१६ साली फिजी बेटांवरच्या जागतिक स्पर्धेत भारतातर्फे उतरली होती. तेव्हा हा बायकांचा खेळ नव्हे, असे कोणी म्हणाले तर मनावर घेऊ नका.

आपल्या पट्ट्यालाही वल्हे नवे नाही. दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात लष्कराचे नौकानयनाचे केंद्र आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ याच केंद्रात तयार झाले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ते उतरले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून त्यांनी सुवर्णपदक आणले. पण त्यांच्या आणि आपल्या वल्ह्यात एक फरक आहे. त्यांचे वल्हे नावेच्या कडेला अडकवलेले असते, त्यामुळे त्याचा बराचसा भार नाव पेलते. आपले वल्हे मोकळे. त्याचा सगळा भार आपल्याच दोन हातांवर! म्हणून तर निवड नीट व्हायला हवी.

आधी लांबी

शांत पाण्यावर रमतगमत फेरी मारायची असेल, तर वल्हे आपल्या उंचीपेक्षा आठ ते दहा इंच लांब असावे. लाटांवर खेळायचे असेल, तर चार ते सहा इंचच जास्त. कारण सोपे आहे. शांत पाण्यात आपण ताठ उभ्या असतो आणि लांब, संथ हात मारतो. लाटेवर गुडघे वाकवून, खाली झुकून, भराभर छोटे हात मारायचे असतात आणि वल्हे चटकन या बाजूचे त्या बाजूला न्यायचे असते. तिथे लांब दांडा नुसता आडवा येतो.

आता हिशेब करा. पाच फूट उंचीच्या बाईला फेरीसाठी ६८ ते ७० इंचांचे वल्हे हवे आणि लाटांसाठी ६४ ते ६६ इंचांचे. पाच फूट नऊ इंचांच्या यजमानांना फेरीला ७७ ते ७९ इंचांचे लागते. म्हणजे त्यांचे वल्हे आपल्याला चांगले एक वीत जास्त! एवढ्या लांब वल्ह्याने वरचा हात प्रत्येक वेळी डोक्याच्या वर जातो आणि खांदा तिथेच दुखावतो. वरची मूठ फार तर कपाळाच्या पातळीला यावी, त्याहून वर नको.

कमी-जास्त करता येणारी वल्ही मिळतात, ती घरात सगळ्यांना चालतात. पण दुकानात आपण विचारतो, “जास्तीत जास्त किती लांब होतं?” विचारायचे असते ते “कमीत कमी किती?” यातली बरीच वल्ही सुमारे १७० सेंटिमीटर, म्हणजे ६७ इंचांच्या खाली जातच नाहीत. पाच फुटी बाईला फेरीपुरती ती चालतील, लाटांसाठी नाही. तेव्हा आपली उंची आणि दोन्ही लांब्या कागदावर लिहूनच दुकानात जावे.

पाते पोळीएवढे की भाकरीएवढे?

पात्याचा आकार चौरस इंचांत सांगतात. ऐकताना काही बोध होत नाही. तर असे समजा, दहा इंच व्यासाची पोळी साधारण ७९ चौरस इंच भरते आणि बारा इंचांची मोठी भाकरी ११३. बेताच्या अंगलटीच्या बाईला पोळीएवढे, म्हणजे ७५ ते ८५ चौरस इंचांचे पाते पुरते. ९० ते १०० चे पाते त्याहून दणकट माणसाला, आणि भाकरीएवढे थोराड, ताकदवान गड्याला.

“मोठं पातं म्हणजे जास्त वेग ना?” असे वाटते खरे. पण मोठे पाते दर हाताला जास्त पाणी ढकलते आणि तो जोर खांद्यातून काढते. दहा मिनिटांत दम! लहान पात्याने हात थोडे जास्त मारावे लागतात, पण प्रत्येक हात हलका पडतो. सायकल चढावर हलक्या गिअरात घालतो ना, तसेच. लाटांच्या खेळात मात्र लाट धरायला एकदम जोर लागतो, म्हणून तिथे आपल्या मापातले जरा मोठे पाते चालेल, ८५ च्या आसपासचे.

पात्याच्या मधोमध उभी उंचवट्याची रेघ असेल तर चांगले. पाणी दोन्ही कडांनी सारखे निसटते आणि पाते हातात फडफडत नाही. नवशिक्या हाताला याचा फार आधार वाटतो.

दुधाच्या पिशवीने वजन ओळखा

ॲल्युमिनियम, नायलॉन, फायबरग्लास, कार्बन फायबर... आपल्या भागात घरोघरी कोणी ना कोणी भोसरीला नाही तर चाकणला कामाला असल्यामुळे ही नावे नवी नाहीत. वल्हीही याच जिनसांची होतात.

ॲल्युमिनियमचा दांडा आणि प्लॅस्टिकचे पाते हे सगळ्यांत स्वस्त. फळीबरोबर बहुधा हेच मिळते. वजन एक किलोच्या आसपास, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दोन दुधाच्या पिशव्या. कार्बनचे चांगले वल्हे पाचशे ते सातशे ग्रॅम, म्हणजे एक पिशवी आणि वर थोडे. फायबरग्लासचे या दोहोंच्या मध्ये, वजनाने आणि किमतीनेही.

“तीन-चारशे ग्रॅमने काय होतंय?” होते बाई! संथ फेरीतही मिनिटाला तीस-पस्तीस हात सहज होतात. तासाला झाले दोन हजार. दर वेळी चारशे ग्रॅम जादा उचलले, तर तासाभरात आठशे किलो जास्तीचे उचलून झाले! दोन-चारदा गंमत म्हणून जाणार असाल तर ॲल्युमिनियमचे पुरे. दर महिन्याला जाणार असाल, तर मात्र पैसे फळीच्या रंगावर घालवण्यापेक्षा वल्ह्यावर घालवा. कार्बन कित्येक पट महाग असते आणि दगडावर आपटले तर चिरते. म्हणून बहुतेक घरांना फायबरग्लास हा मधला मार्ग बरा. त्याचा दांडा किंचित लवतो आणि पाण्याचा झटका खांद्यापर्यंत कमी पोचतो.

दांडा, मूठ आणि कळ

दांडा हातात धरून पाहा. बोटे अंगठ्याला सहज टेकायला हवीत. जाड दांडा आवळून धरावा लागतो आणि मग मनगट धरते. वरची आडवी मूठ तळहातात लाटण्यासारखी बसली पाहिजे, टोचता कामा नये.

लांबी बदलायची कळ दोन-तीनदा उघडून-मिटून बघा. लावल्यावर दांडा पिळून पाहा. मूठ आणि पाते यांची रेघ जराही फिरली तर ते वल्हे नको. समुद्रावरून आल्यावर जोड उघडून गोड्या पाण्याने धुवावा. नाही तर वाळू आणि मीठ बसून पुढच्या खेपेला तो उघडतच नाही. तीन तुकड्यांचे वल्हे पिशवीत मावते, एस.टी.तही नेता येते. दोन तुकड्यांचे त्यापेक्षा मजबूत. आणि हो, वल्हे पाण्यावर तरंगते का, हे नक्की विचारा. ॲल्युमिनियमच्या नळीत पाणी शिरले की काही वल्ही बुडतात.

लाटांवरच खेळणारे लोक अखंड दांड्याचे वल्हे घेतात, कारण जोड नाही म्हणजे ढिलाई नाही. असे वल्हे घेतलेत तर दांडा लगेच कापू नका. मूठ आधी चिकटपट्टीने बसवून दोन-तीनदा वापरून पाहा, मगच कापा. ब्लाउजचे कापड बेतताना शिवणीत माया ठेवतो, तसे. जास्तीचे कमी करता येते, कापलेले परत जोडता येत नाही!

एक गंमत नवशिक्यांत हमखास दिसते. पाते दांड्याला सरळ नसते, सुमारे दहा अंशांनी कललेले असते. तो कल पुढे, फळीच्या टोकाकडे यायला हवा. पळीसारखे पाणी ओढायला बरे म्हणून पुष्कळजणी ते उलटे धरतात. सुलटे धरले की पाते पायांपर्यंत येताना पाण्यात उभे राहते आणि फळी पुढे जाते. उलटे धरले तर नुसतेच पाणी वर उपसते.

हाताने नव्हे, कमरेने

वल्हे कितीही चांगले असो, नुसत्या दंडाच्या जोरावर मारले तर दुखणारच. पुढे वाकून पाते पूर्ण पाण्यात रोवायचे, कंबर वळवायची, आणि पायांपाशी आले की बाहेर काढायचे. पूर्वी बायका जात्यावर दळताना अख्खे अंग फिरवीत. तेच तंत्र इथले. पाच-सहा हात एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. ज्यांचा खांदा आखडलेला आहे किंवा ज्यांना रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे, मगच पाण्यात उतरावे.

जीव आधी, हौस मग

पोहता येत असले तरी जीवरक्षक जॅकेट अंगावर हवेच, आणि तेही आपल्याच मापाचे. ढगळ जॅकेट पाण्यात गळ्याशी येते. साडी, ओढणी, काचेच्या बांगड्या, लांब मंगळसूत्र काठावरच ठेवा. अंगासरशी कपडे घाला.

फळीची दोरी पायाला बांधा. पडलात आणि वल्हे सुटले, तर आधी फळी गाठा, वल्हे नंतर. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा म्हणजे दमून परतताना वारा पाठीशी राहील. उन्हाळ्यात पवनेवर सकाळचे पाणी आरशासारखे असते, दुपारनंतर वारा सुटतो. तेव्हा सकाळीच जावे. वाऱ्यात सापडलात तर गुडघ्यांवर बसा आणि वल्हे आखूड करून मारा. जिथे उतरायला परवानगी आहे आणि जाणता माणूस काठावर हजर आहे, तिथेच उतरा. पावसाळ्यात धरणही नको आणि समुद्रही नको. शहरातल्या पवना-इंद्रायणीच्या पात्रात सांडपाणी मिसळते, तिथे तर ही हौस कधीच नको.

आणि एक. तुंग-तिकोन्याच्या पायथ्याचे हे पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून उचलून, शुद्ध होऊन आपल्या नळाला येते. काठावर साबण लावणे, वेफर्सची पाकिटे टाकणे म्हणजे आपल्याच माठात घाण करणे.

एकच घ्यायचे असेल तर

फायबरग्लासचा बारीक दांडा, ८० च्या आसपासचे पाते, दोन किंवा तीन तुकड्यांची जोडणी, आणि लाटांसाठी आपल्याला लागते तितकी कमी होणारी लांबी. एवढे जमले तर पवनेची फेरीही होते आणि गोव्याच्या छोट्या लाटाही. भाड्याने घेणार असाल तरी संकोच करू नका. “हे मला लांब होतंय, कमी करून द्या,” एवढे म्हटले की तिथला मुलगा दोन मिनिटांत कळ फिरवून देतो.

पुष्कळ घरांत दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा असतात. आज दुपारी तिथे स्वतःची एक खूण करा आणि तिच्या वर आठ इंचांवर दुसरी. फेरीचे वल्हे निदान त्या खुणेपर्यंत यायला हवे. टेप हाताशी आहेच, तर जाता जाता ओटाही मोजून घ्या!