दिवाळीत घरी आलेलं पिल्लू

दिवाळीची सुट्टी लागली की बऱ्याच घरांत कुत्र्याचं पिल्लू येतं. मुलांचा हट्ट जुना असतो, आईबाबांना रजा असते, त्यामुळे सगळ्यांना हीच वेळ सोयीची वाटते. पिल्लासाठी मात्र वर्षातला हा सगळ्यात अवघड आठवडा. मला विचाराल तर तुळशीचं लग्न होईपर्यंत थांबा. पिल्लू आधीच आलं असेल, तर यंदाची दिवाळी त्याला झेपेल एवढीच करा.

आधी त्याचं वय विचारा. 8 आठवड्यांखालचं पिल्लू विकायला 2017 च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. आई आणि भावंडांच्या दंगामस्तीतच ते चावण्याला आवर घालायला शिकतं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेत असतं. या दिवसांत माणसं, जिने, रिक्षा, कुकरची शिट्टी हसतखेळत भेटली, तर त्यांची भीती सहसा राहत नाही. पण याच दिवसांत जवळ सुतळी बॉम्ब फुटला, तर तो धसका वर्षानुवर्षं जात नाही. माणसाला 20 हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला 40 हजारांच्याही पुढचे.

म्हणून संध्याकाळ व्हायच्या आत त्याचं खाणं, शी-शू उरकून घ्या. रस्त्याकडे खिडकी नसलेली खोली निवडा, पडदे ओढा, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा. बाहेर आवाज झाला की लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा द्या. पलंगाखाली जाऊन बसलं तर ओढून काढू नका. जवळ आलं तर खुशाल कुशीत घ्या. जवळ घेतल्याने भीती वाढते, हा समज चुकीचा आहे. माणसांची झोपेची गोळी मात्र कधीही देऊ नका. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर हवाच, कारण आवाजाने बिथरलेलं पिल्लू उघड्या दारातून क्षणात निसटतं.

फराळाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथे घात प्रेमापोटी होतो. रव्याच्या लाडवावर लावलेला आणि चिवड्यात पडलेला बेदाणा कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतो. एका कुत्र्याला काही होत नाही, दुसऱ्याला थोडेसेच बेदाणे भोवतात, त्यामुळे सुरक्षित प्रमाण सांगता येत नाही. द्राक्षांतलं टार्टारिक आम्ल याला कारण असावं, असा पशुवैद्यकांचा अंदाज आहे. चिंचेतही ते भरपूर असतं, म्हणून चिंचेची चटणीसुद्धा लांब ठेवा. चिवड्यातला तळलेला कांदा आणि लसूण रक्तातल्या तांबड्या पेशींची हानी करतात. भेट आलेल्या खोक्यातलं चॉकलेट जितकं गडद, तितकं विषारी. तुपातल्या-तेलातल्या पदार्थांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. ताटं टीपॉयवर न ठेवता ओट्यावर ठेवा आणि पाहुण्यांना दारातच सांगा, ‘याला काही द्यायचं नाही.’ आजीला सांगणं सगळ्यात कठीण, पण तेही करावं लागतं. चुकून काही खाल्लंच तर उलटी व्हायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. लक्ष्मीपूजनाला आणि पाडव्याला कोणता दवाखाना उघडा असेल, हे आधीच विचारून ठेवा.

पणत्या, दिव्यांच्या माळांच्या वायरी, रांगोळीचे रंग त्याच्या तोंडाच्या उंचीवर नसावेत. लसीकरण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत, जिथे इतर कुत्री फिरतात तिथे त्याला जमिनीवर सोडू नका. पार्वोचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. दुपारच्या शांत वेळी कडेवर घेऊन रस्ता दाखवायला हरकत नाही.

भाऊबीजेला घर भरलं की प्रत्येकाला पिल्लू उचलायचं असतं. या वयात ते दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं आणि ती झोप मोडली की चावरं होतं. त्याचा कोपरा ठरवा आणि तिथे झोपलेलं असताना मुलांनी हात लावायचा नाही, हे ठाम सांगा. पहिल्या रात्री ते रडणार. आईच्या अंगाचा वास असलेलं फडकं मागून आणा आणि त्याचं अंथरूण आपल्या पलंगाशेजारी घाला. रात्री एक-दोनदा उठून शूला न्यावं लागेल.

सुट्टीतल्या भरल्या घराची सवय लागलेलं पिल्लू सुट्टी संपल्यावर रिकाम्या घरात रडून आकांत करतं. त्यामुळे पहिल्यापासून खाण्याच्या वेळा शाळा-ऑफिसच्या दिवसांत जमतील अशाच ठेवा आणि रोज थोडं एकटं राहायला शिकवा. आधी एखादं मिनिट दाराआड जा, ते रडायच्या आत परत या. मग कोपऱ्यावरून दूध आणण्याइतका वेळ. इतकं करूनही एवढ्या लहान पिल्लाला दिवसभर एकटं ठेवता येत नाही. दुपारी येऊन त्याला कोण खायला घालणार, हे सुट्टी संपायच्या आत ठरवून ठेवा.