थोरांची चरित्रं वाचताना

मी मुंबईहून, वरळीच्या बीडीडी चाळीतून बोलते आहे. तळमजला आणि वर तीन मजले, मधे लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या. एका इमारतीत ८० बिऱ्हाडं. १९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारने या चाळी बांधल्या. एकट्या वरळीत अशा १२१ इमारती होत्या. तुमच्याच गावांतून आलेली माणसं इथं राहिली आणि गिरण्यांत राबली.

थोरांच्या जयंतीला आपण तसबिरीला हार घालतो, भाषण ऐकतो. पण त्यांचं चरित्र वाचू या म्हटलं, की बायका म्हणतात, "ती मोठी माणसं, आपला काय संबंध?" संबंध आहे. फक्त वाचताना तीन प्रश्न मनात धरायचे.

त्याआधी एक फरक सांगते. दुसऱ्याने लिहिलं ते चरित्र, स्वतःचं स्वतः लिहिलं ते आत्मचरित्र. चरित्रात सभा, तारखा, कागदपत्रं जास्त असतात. आत्मचरित्रात घर, भूक, माणसांचं बोलणं जास्त असतं. दोन्ही वाचावं.

पहिला प्रश्न : तेव्हा घर कोण चालवत होतं?

चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र १२ खंडांत लिहिलं आहे. इथून जवळच, परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब बरीच वर्षं राहिले. १९२० ते १९२३ या काळात ते लंडनला शिकत होते, तेव्हा संसाराचा गाडा रमाईंनी ओढला. त्यांच्या पाच मुलांपैकी चार दगावली, एकटे यशवंत वाचले. १९३५ साली रमाई गेल्या. पुढे बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हे पुस्तक त्यांच्या स्मृतीला अर्पण केलं. नवऱ्याची पदवी आपल्याला पाठ असते. त्या पदवीमागच्या चुलीचाही हिशेब मांडायला हवा.

दुसरा प्रश्न : काय सांगायचं राहिलं?

फलटणच्या बेबीताई कांबळे छोटं दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या. दुकानात बसूनच, गिऱ्हाईक नसताना त्या लिहू लागल्या. घरात कळू नये म्हणून वह्या वर्षानुवर्षं लपवून ठेवल्या. १९८६ साली 'जिणं आमुचं' हे त्यांचं पुस्तक आलं. त्यात वस्तीवरची उपासमार आहे, सुनांचे हाल आहेत, बाबासाहेबांमुळे आलेली जाग आहे. पण स्वतःच्या नवऱ्याचा जाच त्यात नाही. त्याबद्दल त्या पुढे मुलाखतीत विचारल्यावर बोलल्या. म्हणून वाचताना थोडं थांबावं. बाई इथं गप्प का झाली असेल? ती खोटं बोलत नसते. कधी भीती असते, कधी घरच्यांची अब्रू, तर कधी 'हे तर सगळ्यांच्याच घरी' असं वाटलेलं असतं.

तिसरा प्रश्न : कोणाची नावं गळली?

आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात बायकांची नावं फार थोडी सापडत. म्हणून उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायकांना शोधून काढलं आणि त्यांना बोलतं केलं. त्यातून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झालं. उर्मिलाताई मूळच्या रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या. त्यांची आई बांबूची सुपं, टोपल्या विणायची. या वस्तूंना तिकडे आयदान म्हणतात. २००३ साली आलेल्या आत्मचरित्राला उर्मिलाताईंनी तेच नाव दिलं. आईच्या हातचं काम पुस्तकाच्या कपाळावर आलं.

हे आज सांगण्याचं कारण आहे. आमच्या चाळी पाडून आता उंच इमारती उभ्या राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चांगलंच झालं, बायकांनी अडचणीत दिवस काढले आहेत. पण पॅसेजमध्ये बसून जुनं सांगणाऱ्या आज्या आता बंद दारांआड जातील. १९८२ च्या गिरणी संपात पगार थांबले, तेव्हा चूल कशी पेटली, कोणता दागिना मोडला, मुलांना गावी कोणाकडे ठेवलं, हे त्यांनाच ठाऊक आहे. संपानंतर गावी परतलेली कुटुंबं तुमच्याकडेही असतील. आज्या गेल्या की त्यांची हकिगत त्यांच्याबरोबर जाईल.

तेव्हा बचत गटाच्या बैठकीत हिशेब झाला की पंधरा मिनिटं काढा. गावच्या वाचनालयातून एखादं आत्मचरित्र आणा. जिला वाचता येतं तिने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं, मग तिन्ही प्रश्नांवर बोलावं. चार बैठकांनंतर गावातल्या एखाद्या वयस्कर बाईला बोलवा. तिला साल आठवत नसेल, तर विचारा, "हे बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?" मोबाइलवर आवाज भरण्याआधी तिची परवानगी घ्या. जे लिहू नका म्हणेल, ते लिहू नका. आणि वहीत तिचं पूर्ण नाव लिहा, माहेरच्या गावासकट. 'अमक्याची आई' एवढ्यावर थांबू नका.